डोरथीची भूमिका कोणीं करावी?

एखाद्या आवडत्या अद्भुत कादंबरीवर चित्रपट निघणार अशी वार्ता आली, कीं कथा कोठें छाटली जाणार, राक्षस पडद्यावर कसा उभा करणार, हे प्रश्न मागें पडतात आणि पहिला वाद पेटतो तो भूमिकांचा. अमका नट बुटका आहे, तमकीचे केंस काळे आहेत, पुस्तकांतील मुलगी अशी नाहींच मुळीं, असे उद्गार घरोघर ऐकूं येतात. या वादाला पोरकटपणा म्हणून हंसणारे पुष्कळ आहेत. पण जें पात्र वाचकानें वर्षानुवर्षें मनःचक्षूंनीं पाहिलें, त्याला एके दिवशीं परका चेहरा चिकटतो आणि तो पुढें जन्मभर पुसतां येत नाहीं, ही कांहीं क्षुल्लक गोष्ट नव्हे. वादांत दोष असेल तर तो इतकाच, कीं मुद्दा बहुधा भलत्याच टोंकाला धरलेला असतो. ‘ती तशी दिसते काय?’ हा प्रश्न सर्वांच्या तोंडीं. ‘तिला घेतल्यानें गोष्टीचें काय होईल?’ हा प्रश्न विचारणारा विरळा.

या दोन प्रश्नांतील अंतर पाहावयाचें तर एकच भूमिका घ्यावी आणि तिच्यासाठीं सव्वाशें वर्षांत कोण कोण पुढें आलें हें पाहावें. अमेरिकेंतील ‘ओझच्या अद्भुत जादूगारा’च्या गोष्टींतील डोरथी ही अशी भूमिका आहे.

लायमन फ्रँक बॉम या लेखकाचें हें पुस्तक १९०० सालीं शिकागो येथें प्रसिद्ध झालें. कथा थोडक्यांत अशी : कॅन्सासच्या रुक्ष, करड्या माळरानावर हेन्रीकाका आणि एमकाकू यांच्या एका खोलीच्या घरांत डोरथी नांवाची पोरकी मुलगी व तिचा काळा कुत्रा टोटो राहतात. एक चक्रीवादळ घरच्या घर उचलून ओझच्या देशांत नेऊन टाकतें, आणि तेंहि नेमकें पूर्वेच्या दुष्ट चेटकिणीच्या अंगावर. मेलेल्या चेटकिणीचे रुपेरी जोडे डोरथीला मिळतात. घरीं परतण्याची वाट विचारण्यासाठीं ती पाचूच्या नगरीकडे निघते. वाटेंत मेंदू हवा असलेलें बुजगावणें, हृदय हवें असलेला पत्र्याचा लांकूडतोड्या आणि धैर्य हवें असलेला भित्रा सिंह तिला येऊन मिळतात. ज्या जादूगाराची सर्वांनीं आस धरलेली असते तो शेवटीं एक साधा हातचलाख म्हातारा निघतो, आणि घरीं नेण्याची शक्ति पहिल्यापासून डोरथीच्या पायांतील जोड्यांतच होती असें कळतें.

आतां ही डोरथी दिसते कशी? पुस्तक उघडून शोधूं जावें तर बॉमनें जवळजवळ कांहींच सांगितलेलें नाहीं. ऊन आणि वारा यांनीं एमकाकूच्या डोळ्यांतील तेज व गालांवरील लाली कशी नेली, याचें वर्णन त्यानें केलें आहे. डोरथीच्या हंसण्यानें ती काकू कशी दचकत असे हेंहि सांगितलें आहे. पण मुलीचे केंस, डोळे, वर्ण यांविषयीं मौन. ती वयाच्या मानानें चांगली वाढलेली होती असें एके ठिकाणीं येतें. तें वय किती, हें मात्र येत नाहीं. ही पोकळी भरून काढली ती चित्रकारांनीं. पहिल्या पुस्तकांत डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लो यानें गुबगुबीत, दोन वेण्यांची चिमुरडी काढली. १९०७ सालच्या ‘ओझमा ऑफ ओझ’ या भागांत जॉन नील या चित्रकारानें तिला सडपातळ केलें, तिचे केंस आंखूड व सोनेरी केले आणि वयहि थोडें वाढविलें. जो वाचक ‘खऱ्या डोरथी’ची शपथ वाहतो तो बहुधा या दोघांपैकीं एकाच्या कुंचल्याची शपथ वाहत असतो.

खुद्द लेखक या बाबतींत मुळींच कर्मठ नव्हता. १९०२ सालीं शिकागोच्या रंगभूमीवर या गोष्टीचें संगीत नाटक आलें आणि पुढील वर्षीं तें न्यूयॉर्कला गेलें. त्यांत ॲना लाफलिन ही तरुण नटी डोरथी झाली. टोटो गेला आणि त्याच्या जागीं इमोजीन नांवाची गाय आली. नाटक जोरांत चाललें. १९१४ सालीं बॉमनें लॉस एंजेलिस येथें स्वतःची चित्रसंस्था काढली. तिच्या ‘पॅचवर्क गर्ल ऑफ ओझ’ या मूकपटांत गोधडीच्या चिंध्यांतून शिवलेल्या मुलीचें काम पिएर कूदेर्क या कसरतपटु पुरुषाला दिलें होतें, आणि ओजो या मुलाचें काम व्हायोलेट मॅकमिलन या नटीला. मराठी श्रोत्यांना यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. आदल्याच वर्षीं दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटांत तारामती झाले होते ते साळुंके नांवाचे पुरुष नट. पण दोहोंत एक फरक आहे. फाळक्यांना स्त्री मिळेना म्हणून तसें करावें लागलें. बॉमच्या संस्थेपाशीं नट्या होत्या. चिंध्यांच्या बाहुलीला हाडें नसतात. तिच्यासाठीं हवें होतें तें कोलांट्या मारणारें लवचिक शरीर, मुलीचा चेहरा नव्हे. पात्राला गरज कशाची आहे हें पाहून केलेली ही निवड होती, आणि पुढील कित्येक श्रीमंत संस्थांपेक्षां ती अधिक शहाणपणाची होती. १९२५ सालीं लॅरी सेमन या विनोदी नटानें आपल्या पत्नीला, डोरथी ड्वान हिला, डोरथी करून एक मूकपट काढला. त्यांत ओझची कथा नांवापुरतीच उरली होती, तेव्हां त्याचा विचार येथें नको.

खरा वाद उभा राहिला तो १९३८ मध्यें. आदल्या डिसेंबरांत वॉल्ट डिस्ने यांचा ‘स्नो व्हाइट’ आला होता आणि परीकथेसाठीं प्रौढ माणसेंहि रांगा लावतात हें हॉलिवुडला दिसलें होतें. मेट्रो-गोल्डविन-मेयर संस्थेनें ओझचे हक्क विकत घेतले. निर्माते होते मर्व्हिन लेरॉय. त्यांचे साहाय्यक आर्थर फ्रीड हे मूळचे गीतकार. संस्थेच्याच पगारावर असलेली ज्यूडी गार्लंड ही मुलगी त्यांच्या मनांत भरलेली होती. संस्थेच्या वरिष्ठांपैकीं कांहींचा ओढा मात्र शर्ली टेंपल हिच्याकडे होता. शर्ली तेव्हां दहा वर्षांची होत आलेली, ट्वेंटिएथ सेंचुरी-फॉक्स संस्थेशीं बांधलेली, आणि तिकिटांच्या विक्रींत साऱ्या अमेरिकेंत अग्रेसर. केवळ वयाचा हिशेब केला तर पुस्तकाला जवळची तीच. पण योजलेलीं गाणीं पेलण्याइतका तिचा गळा नाहीं असें मेट्रोच्या संगीतज्ञांचें मत पडलें, आणि फॉक्स संस्थाहि तिला सोडावयास तयार नव्हती. शर्लीच्या बदल्यांत जीन हार्लो हिला उसनी द्यावयाचें ठरलें होतें व हार्लोच्या मृत्यूनें तें फिसकटलें, ही गोष्ट फार जणांनीं फार वेळां सांगितली आहे. हार्लो जून १९३७ मध्यें वारली. मेट्रोनें हक्क घेतले ते त्यानंतर. गोष्ट चटकदार आहे, एवढेंच तिच्याविषयीं म्हणतां येईल.

ज्यूडीचा जन्म जून १९२२ चा. ऑक्टोबर १९३८ मध्यें चित्रण सुरू झालें तेव्हां तिला सोळावें सरून सतरावें लागलें होतें. तिला लहान दाखविण्यासाठीं प्रथम जे उपाय झाले ते पाहण्यासारखे आहेत. उरोभाग घट्ट आवळून बांधला, डोक्यावर सोनेरी केंसांचा टोप चढविला, चेहऱ्यावर रंगाचे थर दिले. रिचर्ड थॉर्प या दिग्दर्शकानें सुमारें दोन आठवडे असें चित्रण केलें आणि तें सर्व फुकट गेलें. थॉर्पला दूर केल्यावर जॉर्ज क्यूकर हे थोडेच दिवस आले. त्यांनीं एकहि दृश्य चित्रित केलें नाहीं. त्यांनीं ज्यूडीचा टोप काढला, रंग पुसला, आणि तूं कॅन्सासची एक साधी मुलगी आहेस हें ध्यानांत ठेव, अशा अर्थाचें तिला बजावून ते निघून गेले. पुढें व्हिक्टर फ्लेमिंग यांनीं चित्रपट सिद्धीस नेला व श्रेयनामावळींत दिग्दर्शक म्हणून त्यांचेंच नांव आहे. पण आज जी डोरथी जगाच्या ओळखीची आहे, ती बनविण्यांत त्या चार दिवसांच्या पाहुण्याचा वांटा फार मोठा आहे.

आवळलेलें बंधन मात्र सुटलें नाहीं. तिच्या खाण्यावर संस्थेचा पहारा असे. वजन उतरविण्याच्या आणि काम करीत राहण्यासाठीं जागें ठेवण्याच्या गोळ्या त्या काळांत आपणांस देण्यांत येत, असें तिनें पुढें सांगितलें. गोळ्यांची संगत तिला कधींच सुटली नाहीं. १९६९ सालीं, वयाच्या ४७ व्या वर्षीं, झोंपेच्या औषधाच्या अतिसेवनानें ती लंडनमध्यें वारली. ‘सोळा वर्षांची मुलगी लहान दिसेल काय?’ असा वाद कागदावर रंगतो तेव्हां त्या ‘दिसेल काय’ची किंमत कोणाच्या अंगांतून वसूल होते, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं. त्याच चित्रपटांत पत्र्याच्या माणसाचें काम प्रथम बडी एब्सन याजकडे होतें. त्याच्या चेहऱ्यावर ॲल्युमिनियमची पूड फांसली जाई. ती श्वासावाटे आंत गेली आणि त्याला रुग्णालयांत न्यावें लागलें. त्याच्या जागीं जॅक हेली आला, आणि त्याच्यासाठीं पुडीऐवजीं लेप वापरण्यांत आला.

सोळा वर्षांची डोरथी घेतल्याबरोबर गोष्टींत एक नवें बळ आलें आणि एक जुनें गेलें. बॉमच्या डोरथीला कोठेंहि जावयाचें नव्हतें. तिला वादळानें नेलें. ‘घरीं कशी जाऊं?’ एवढाच तिचा प्रश्न. ती रडली तरी डोळे पुसून पुढें चालूं लागते, आणि टोटोवर धांवणाऱ्या सिंहाच्या नाकावर सरळ चापट मारते. लहान मूल संकटाला ऊनपावसासारखें धरून चालतें तशी ती चालते. चित्रपटांतील डोरथी आधींच घरीं अस्वस्थ आहे. शेजारीण कुत्रा नेऊं पाहते, मोठ्या माणसांना तिचें ऐकावयास सवड नाहीं, आणि इंद्रधनुष्यापलीकडील देशाचें गाणें गात ती माळाकडे पाहते. हें गाणें सहा वर्षांच्या मुलीच्या तोंडीं शोभलें नसतें. चित्रपट लांबला म्हणून तें एकदां कापलेंहि गेलें होतें. तें परत आलें व त्याला ऑस्कर पारितोषिक मिळालें. घराबाहेर जाऊं इच्छिणारी आणि बाहेर गेल्यावर घरासाठीं झुरणारी उमलत्या वयाची मुलगी, हा ताण सर्वस्वीं चित्रपटाचा आहे. पुस्तकांत तो शोधूनहि सांपडणार नाहीं.

त्याबरोबर ओझचा देशहि बदलला. पुस्तकांत तो खराखुरा आहे. चित्रपटांत तें डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेल्या मुलीचें स्वप्न आहे, आणि बुजगावणें, पत्र्याचा माणूस व सिंह हे शेतावरच्या तीन गड्यांचेच चेहरे आहेत. सहा वर्षांच्या मुलीनें ‘मी ओझला जाऊन आलें’ असें म्हटलें तर प्रेक्षक मान डोलावतो. सोळा वर्षांच्या मुलीसाठीं त्याला कांहींतरी सबब लागते. पुस्तकावर प्रेम करणाऱ्यांना तक्रार करावयाचीच असेल तर ती या स्वप्नाविषयीं करावी. ज्यूडीचे केंस कोणत्या रंगाचे होते यावर भांडण्यांत अर्थ नाहीं. आणि तक्रार केली तरी एवढें मान्य करावें लागेल, कीं चित्रपटकारांनीं मुलीचें वय वाढविलें तें तसेंच ठेवून गोष्ट तिच्यावर लादली नाहीं. त्या वयाला शोभेल अशी गोष्ट तिच्याभोंवतीं पुन्हां रचली.

हें न केल्यास काय होतें याचें उदाहरण १९७८ सालच्या ‘द विझ’ या चित्रपटांत आहे. मूळ संगीत नाटक १९७५ मध्यें ब्रॉडवेवर आलें होतें. त्यांत सर्व नटवर्ग कृष्णवर्णी होता आणि डोरथीचें काम सतरा वर्षांच्या स्टेफनी मिल्स हिनें केलें होतें. चित्रपटासाठीं मात्र डायना रॉस या विख्यात गायिकेनें ती भूमिका हट्टानें मिळविली. त्या वेळीं त्या तेहेतीस वर्षांच्या होत्या. आधीं नेमलेले दिग्दर्शक जॉन बॅडहॅम यांना ही निवड पटली नाहीं व ते बाजूला झाले. सिडनी ल्युमेट आले. पटकथेंत डोरथी ही हार्लेम वस्तींत राहणारी चोवीस वर्षांची शिक्षिका झाली, जी १२५ व्या रस्त्याच्या दक्षिणेस कधीं गेलेली नाहीं. चित्रपट पडला, आणि दोष बहुतेकांनीं रॉसबाईंच्या वयावर ठेवला.

हा निवाडा घाईचा आहे. चोवीस वर्षांची, घराच्या उबेंत अडकून पडलेली, बाहेरच्या जगाला भिणारी शिक्षिका ही कल्पना वाईट नव्हती. किंबहुना कॅन्सासच्या मुलीहून ती निराळी आणि विचार करण्याजोगी होती. पण अशा स्त्रीची अडचण घरीं परतण्याची नसून घर सोडण्याची असते. तिच्या कथेचा शेवट दाराबाहेर व्हावयास हवा होता. चित्रपटानें सुरुवात तिची घेतली आणि शेवट बॉमच्या मुलीचा ठेवला. जोडे आपटून ती पुन्हां त्याच दाराशीं येते, तेव्हां प्रेक्षकाला नक्की काय घडलें हें कळेनासें होतें. चेहरा बदलला आणि कथा अर्धीच बदलली. खोट तेथें होती. खोट कोणाचीहि असो, भोगावी लागली ती दुसऱ्यांना. मोठ्या खर्चाच्या चित्रपटांत सर्व भूमिका कृष्णवर्णी नटांना देण्यास हॉलिवुड त्यानंतर बराच काळ धजेना. त्याच चित्रपटांत एकोणीस वर्षांच्या मायकेल जॅक्सननें केलेलें बुजगावणें मात्र अजूनहि पाहावें. त्याच्या अंगांत खरोखरीच पेंढा भरला आहे असें वाटतें.

वयाच्या बाबतींत पुस्तकाशीं प्रामाणिक राहिलेला चित्रपट निघाला तो १९८५ मध्यें, ‘रिटर्न टु ओझ’. दिग्दर्शक वॉल्टर मर्च यांनीं फेरूझा बाल्क ही लहान मुलगी निवडली. बॉमच्या पुढच्या दोन पुस्तकांवर आधारलेला हा चित्रपट पाहतांना प्रथमच पटतें, कीं डोरथीच्या निर्भयतेचें मूळ तिच्या लहानपणांत आहे. ती कोंबडीशीं जितक्या सहज बोलते तितक्याच सहज डोकीं बदलणाऱ्या राणीशीं बोलते. लोकांना तो चित्रपट रुचला नाहीं. लहान मुलांना तो भयंकर वाटला, आणि मोठ्यांना त्यांत ज्यूडी दिसेना. पुस्तकाला धरून केलेली निवड लोकांना पुस्तकाविरुद्ध वाटावी, इतकें जुन्या चित्रपटानें पुस्तकाला झांकून टाकलें होतें. त्यांतील जोडेसुद्धां रुपेरी न ठेवतां माणकांचे ठेवावे लागले. पुस्तकांतील रुपेरी जोडे मेट्रोनें १९३९ च्या रंगीत पडद्यावर खुलावे म्हणून लाल केले होते. डिस्ने संस्थेला आतां त्या लाल जोड्यांच्या वापराबद्दल मेट्रोला पैसे मोजावे लागले.

येथपर्यंतचा सारा विचार लेखकाच्या मौनावर उभा आहे. बॉमनें डोरथीचें वय सांगितलें नाहीं, वर्णावर भर दिला नाहीं, म्हणून ज्यूडी, डायना आणि फेरूझा या तिघींनाहि दार उघडें राहिलें. पण लेखक जेव्हां मौन पाळीत नाहीं, आणि जें सांगतो त्यावर कथेचें वजन असतें, तेव्हां काय? अर्सुला लेग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी १९६८ ची. तिचा नायक गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे, त्याचा मित्र व्हेच काळा आहे. त्या द्वीपसमूहांतील बहुतेक माणसें अशींच आहेत. गोऱ्या वर्णाचे लोक पूर्वेकडील बेटांवरचे, आणि कथेच्या आरंभीं गेडच्या गांवावर धाड घालणारे तेच. लेग्विनबाईंनीं हें नगारा वाजवून सांगितलेलें नाहीं. वाचक गेडच्या कातडींत शिरून बसावा आणि मग त्याला कळावें कीं ही कातडी गोरी नाहीं, असा त्यांचा हेतु होता, व तो त्यांनीं पुढें बोलूनहि दाखविला. २००४ च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर या कथेचें चित्ररूप आलें. त्यांत गेड झाला शॉन ॲशमोर हा गोरा नट, आणि गुरु ऑजिअन यांचें काम करणारे डॅनी ग्लोव्हर यांच्यासारखे अपवाद वगळले तर बेटेंच्या बेटें गोरीं झालीं. त्यांतहि गंमत अशी, कीं पुस्तकांत जी गोरी आहे त्या टेनारची भूमिका मातेकडून चिनी वंशाच्या क्रिस्टिन क्रुक हिला मिळाली.

लेग्विनबाईंनीं तत्काळ जाहीर लेख लिहून निषेध नोंदविला. तो निषेध म्हणजे ‘माझ्या मनांतील चेहरा हा नव्हे’ अशी लेखिकेची रुसवी तक्रार नव्हती. अद्भुत कथेंतला वीर म्हणजे गोरा, हें जें वाचकांनीं न विचारतांच गृहीत धरलें होतें, तें मोडण्यासाठींच त्यांनीं ती बेटें वसविलीं होतीं; पडद्यावर तेंच गृहीत पुन्हां आणून बसविलें गेलें. सांवळ्या मुलांना वीर म्हणून स्वतःचा चेहरा दाखविणारीं अशीं पुस्तकें त्या काळीं किती थोडीं होतीं हें आठवलें, म्हणजे या बदलाचें मोल कळतें. डोरथीचें वय बदलतां येतें, कारण त्यायोगें एक प्रश्न जाऊन दुसरा येतो. गेडचा वर्ण बदलला तेव्हां एक प्रश्न गेला आणि त्याच्या जागीं कांहींच आलें नाहीं.

ओझकडे परत वळावयाचें तें पश्चिमेच्या चेटकिणीसाठीं, कारण तिच्या बाबतींत निवडीनें पुस्तकावर पूर्ण कुरघोडी केली. बॉमची चेटकीण एकाक्ष आहे. तो एकच डोळा दुर्बिणीसारखा दूरवर पाहतो. ती हिरवी मुळींच नाहीं. मेट्रोनें प्रथम गेल सोंडरगार्ड ही देखणी नटी घेतली होती, स्नो व्हाइटच्या सावत्र आईसारखी रुबाबदार चेटकीण करावी म्हणून. मग बेत फिरला, चेटकीण कुरूप हवी असें ठरलें, आणि सोंडरगार्डबाईंनीं नकार दिला. काम आलें मार्गारेट हॅमिल्टन यांच्याकडे. या बाई पूर्वीं बालवर्गाच्या शिक्षिका होत्या. त्यांना हिरवा रंग दिला तो तांबें मिसळलेला. २३ डिसेंबर १९३८ रोजीं धुराच्या लोटांत अदृश्य होण्याच्या दृश्यांत ज्वाळा लवकर उसळल्या आणि त्यांचा चेहरा व हात भाजले. त्या कित्येक आठवड्यांनीं कामावर परतल्या, आणि पुन्हां आगीशीं खेळ करणार नाहीं असें सांगूनच परतल्या. पडद्यावर त्यांचें काम जेमतेम कांहीं मिनिटांचें आहे. पण तेव्हांपासून जगांतील मुलांची चेटकीण हिरवीच.

मुलांची ही भीति हॅमिल्टनबाईंना आयुष्यभर सलत राहिली. १९७५ मध्यें त्या फ्रेड रॉजर्स यांच्या लहान मुलांसाठीं असलेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत गेल्या. तेथें साध्या पोषाखांत बसून त्यांनीं चेटकिणीचा काळा झगा आणि टोपी एक एक करून अंगावर चढविली, म्हणजे आंत कोण आहे हें मुलांना कळावें. चेटकीण दुष्ट दिसते खरी, पण तिला जें हवें तें तिला कधींच मिळत नाहीं, असेंहि त्यांनीं मुलांना समजावून सांगितलें.

पुढें वीस वर्षांनीं, १९९५ सालीं, ग्रेगरी मॅग्वायर यांनीं ‘विकेड’ ही कादंबरी लिहिली ती याच चेटकिणीच्या बाजूनें. तिला त्यांनीं एल्फबा हें नांव दिलें, बॉमच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून. पण तिचा हिरवा वर्ण बॉमचा नव्हे, तो हॅमिल्टनबाईंच्या रंगपेटींतला. २००३ सालीं त्या कादंबरीवर संगीत नाटक आलें आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें जॉन चू यांनीं दिग्दर्शित केलेला चित्रपट. एल्फबा झाल्या सिंथिया एरिव्हो, लंडनच्या कृष्णवर्णी गायिका-नटी. जन्मतः निराळ्या वर्णाची म्हणून जिला घरींदारीं झिडकारलें जातें, त्या मुलीचा हिरवा लेप या चेहऱ्यावर नुसता लेप वाटत नाहीं. पटकथेंत एक शब्दहि न घालतां केवळ निवडीनें अर्थ किती वाढतो, याचें याहून स्पष्ट उदाहरण दाखवितां येणार नाहीं.

तिची बहीण नेसारोझ म्हणजेच पूर्वेची चेटकीण. बॉमच्या पुस्तकांत तिला चेहराच नाहीं. कोसळलेल्या घराखालून बाहेर आलेले दोन पाय आणि त्यांतील रुपेरी जोडे, एवढेंच तिचें दर्शन. मॅग्वायरच्या कादंबरींत ती हातांवांचून जन्मलेली आहे. संगीत नाटकानें तिला चाकांच्या खुर्चींत बसविलें, आणि जोड्यांत मंत्र भरल्यावर ती खुर्चींतून उठून चालूं लागे. रंगभूमीवर हें सोपें होतें, कारण भूमिका करणारी नटी सहसा चालूं शकणारीच असे. चित्रपटासाठीं निवड झाली ती मरिसा बोडी यांची. त्या स्वतः चाकांच्या खुर्चीचा वापर करतात. मग तो उठून चालण्याचा प्रसंग तसाच ठेवणें शक्य नव्हतें, आणि योग्यहि नव्हतें. २०२५ सालच्या दुसऱ्या भागांत तो बदलला आहे : नेसारोझ चालत नाहीं, मंत्रानें ती जमिनीपासून वर उचलली जाते आणि क्षणभर हवेंत तरंगते.